शेजारच्या टीव्हीत शरू

घाटकोपर (पूर्व)
बुधवार, ८ जानेवारी १९८६

प्रिय शरू,

तुला आणि जयंतीला आशीर्वाद. मस्कतला दोघंही खुशाल असाल. इथं सगळं ठीक आहे. थंडी म्हणायची इतकीच, तरी आई कानाला स्कार्फ बांधून बसते आणि मला खिडकी उघडू देत नाही.

व्हिडिओ सुखरूप पोचला. तुझे मित्र चंद्रप्रकाश स्वतः घेऊन आले, टीव्हीमागे हात घालून वायरी जोडून दिल्या आणि चहा अर्धा टाकून बोरिवलीला पळाले. तू आईशी बोलतोस ती कॅसेट तिनं पहिल्याच दिवशी तीनदा पाहिली. आता ती स्वतःच लावते. आधी हात धुते, पदराला पुसते, मग बटण दाबते. मी कॉलेजच्या लायब्ररीतून घरी येईपर्यंत तिचं पाहून झालेलं असतं.

पण एक गंमत झाली आहे, आणि त्यासाठी तुझा सल्ला हवा. भिंतीपलीकडे परब राहतात, ते तुला आठवत नसतील, तू गेल्यावर आले. दत्तारामभाऊ आधी गिरणीत होते, संपानंतर साकीनाक्याला एका वर्कशॉपमध्ये लागले. त्यांची बायको शेवंतीवहिनी परवा दारात उभी.

"क्षमाताई, तुमचो भाव आमच्या टीव्हीत येता."

मला वाटलं थट्टा करते आहे. पण खरंच येतोस. शेतकऱ्यांचा कार्यक्रम चालू असतो, खतं किती घालायची ते सांगत असतात, आणि भाताच्या रोपांतून तुझा चेहरा वर येतो. आधी पट्टे, मग मुंग्या, मग तू. आवाजासकट. दत्तारामभाऊ म्हणाले, "भाऊ दिसायला बरे आहेत हो, पण बातम्यांच्या वेळी नका पाठवू."

मी ओशाळले. आपल्या घरातली वस्तू दुसऱ्याच्या घरात त्रास देते, हे मला सहन होत नाही, तुला माहीत आहे. आईला संध्याकाळी लावू नकोस म्हणावं, तर तिचा दिवसातला तेवढाच आनंद. गच्चीवर जाऊन पाहिलं, दोघांच्या अँटेनाच्या वायरी एकाच पायपावरून खाली येतात. त्या सोडवून वेगळ्या केल्या तरी फरक पडला नाही. तूच काय ते सुचव.

आईची तब्येत विचारली होतीस. विचारलं की "बरी आहे" म्हणते. जेवण थोडं कमी झालं आहे, पण वयच तसं आहे.

तुझी,
क्षमाताई


घाटकोपर
रविवार, १६ मार्च १९८६

प्रिय शरू,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र जानेवारीच्या अखेरीस मिळालं. उत्तराला फार उशीर झाला. कारण सांगणार आहे, पण आधी मशीनचं सांगते. निदान ते सोपं आहे.

तू लिहिलंस तो खटका सापडला. मशीनच्या मागे, तीन आणि चार असे आकडे. आपला खटका चारवर होता आणि मुंबईचं केंद्रही चारवरच लागतं. मशीनचं चित्र आपल्याच अँटेनातून बाहेर पडून परबांकडे जात होतं. आई खाली देवळात गेली होती तेव्हा मी तपासायला बसले. शेवंतीवहिनी तिकडे टीव्हीसमोर, मी इकडे, दोघींच्या खिडक्या उघड्या.

"वहिनी, आता?"

"इलो!"

मशीन बंद केलं. "आता?"

"गेलो! आता नुसत्यो मुंग्यो!"

पुन्हा लावलं. "आता?"

"इलो परत. विचारतासा, आई, जेवलीस काय?"

मी हसले. म्हटलं, "पाठ झालंय वाटतं तुम्हाला!"

"तर! तुमच्या भावाचा पाठ आसा, आणि आजी काय सांगतत ता पण..." आणि ती थांबली. मी पुन्हा हाक मारली तर म्हणाली, "काय नाय, ताई. तुमी बटान फिरवा."

खटका तीनवर केला, आपल्या टीव्हीवर तीन नंबर लावला. तू इकडे राहिलास आणि तिकडून गेलास. वहिनी ओरडली, "गेलो तो गेलोच!" इतका वेळ हसत होती, पण तेव्हा तिच्या आवाजात हसू नव्हतं. मी त्याकडे लक्ष दिलं नाही. यंत्र सुधारलं याच आनंदात होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कॉलेजला निघाले तर ती जिन्यात उभी. डोळे सुजलेले. "तुमका सांगूचा की नाय, रातभर झोप नाय माका. चोरून ऐकल्यासारख्या वाटता."

शरू, तू कॅसेटमध्ये प्रत्येक प्रश्नानंतर थांबला आहेस. आई, कशी आहेस? मग थांबतोस. पाय दुखतात का? पुन्हा थांबतोस. तू ते मुद्दाम केलंस की कॅमेऱ्यासमोर सुचत नव्हतं म्हणून, कोण जाणे. पण त्या जागांमध्ये आई उत्तरं देत होती. रोज. प्रश्न वहिनीला टीव्हीत ऐकू येत आणि उत्तरं भिंतीतून. जगात फक्त तिला एकटीला तुमचं दोघांचं बोलणं पुरं ऐकू येत होतं. पहिल्या तक्रारीनंतर तिनं पुन्हा कधी तक्रार केली नाही, कारण ती मुलांना बाहेर खेळायला घालवून ते ऐकत बसायची. म्हणाली, माझी सासू गावी एकटी असते, तिचंच ऐकतेय असं वाटायचं.

आई तुला सांगत होती, "डाव्या काखेत गाठ आली आहे रे. वाढते आहे. क्षमाला कळू देऊ नकोस."

"तुमी आधी डाक्टरकडे न्हेवा त्यांका," वहिनी म्हणाली. "माझो राग मागाहून करा."

आता सरळ लिहिते. आईचं ऑपरेशन झालं आहे. परळला, फेब्रुवारीत. गाठ चांगली नव्हती. डावा स्तन काढावा लागला. घाबरू नकोस, पुढचं वाच. डॉक्टर म्हणाले, आणखी चार-सहा महिने गेले असते तर हाती काही राहिलं नसतं. आता त्यांना आशा आहे. किरणांचा शेक देणं चालू आहे. आई घरी आहे, जेवते, माझ्याशी खिडकीवरून भांडते.

तुला तेव्हाच तार करायला हवी होती. नोकरी सोडून धावत येशील, म्हणून केली नाही, असं मी स्वतःला सांगत राहिले. ते खोटं नाही, पण पुरं खरंही नाही. जिन्यात वहिनीनं सांगितलं तेव्हा मला आधी भीती वाटायला हवी होती. मला आधी राग आला. मी इतकी वर्षं याच घरात, हिच्या औषधांच्या वेळा सांभाळत, आणि ही सांगते ते टीव्हीतल्या तुला! मग आईच्या आजाराची एक तरी गोष्ट तुझ्याआधी मला माहीत असावी, अशी काहीतरी क्षुद्र इच्छा मनात असली पाहिजे. ती नव्हतीच असं मला म्हणता येत नाही.

हॉस्पिटलात मी आईला विचारलं. न विचारता राहवेना. म्हटलं, "मी समोर असताना त्याच्या चित्राला का सांगत होतीस?"

ती छताकडे बघतच म्हणाली, "तुला काही सांगितलं की तुझा चेहरा उतरतो. मग माझं दुखणं राहतं बाजूला, तुझीच समजूत घालत बसावं लागतं. त्याला काहीही सांग, तो आपला हसतो."

बाजूच्या कॉटवरच्या बाई खुदकन हसल्या. मलाही हसू आलं, आणि मग बाहेर जाऊन रडले. तिचं खरंच आहे रे. मी काळजी करते ती दिसेल अशी करते. ती दिसावी असंही मला वाटत असेल का? ठाऊक नाही. विचार करते आहे.

ऑपरेशनच्या दिवसांत परबांकडून रोज डबा आला. एकदा दत्तारामभाऊ स्वतः परळपर्यंत पेज घेऊन आले, म्हणाले, "जुनी गिरणी इथंच होती, वाट माहीत आहे." आईनं शेवंतीवहिनीला जवळ बोलावलं. वहिनी मान खाली घालून उभी. आई म्हणाली, "माझ्या घरातलं चोरून ऐकतेस होय गं? बरं केलंस." आणि तिचा हात सोडलाच नाही.

तुझे आभार कसे मानू? तू यायला जमत नाही म्हणून मशीन पाठवलंस, याचा मी मनात राग धरला होता. आता तो नाही, खरोखर नाही. चंद्रप्रकाशांचेही आभार मान, की ते खटका चारवर ठेवून गेले. सगळं नीट जोडलेलं असतं तर आज मी हे पत्र लिहीत नसते, निराळं लिहीत असते.

मे महिन्यात रजा मिळते का पाहा. दुसरी कॅसेट पाठवू नकोस. तू ये. इथं बैस, आणि ती बोलायला लागली की तुला जे वाटेल ते तोंडावर दिसू दे.

काल तिला हाताचा व्यायाम करवत होते. भिंतीवर बोटं हळूहळू वर चढवायची असतात. अर्ध्यावर ती थांबली, माझ्याकडे वळली आणि म्हणाली, "क्षमे, दुखतंय गं."

मी चेहरा सांभाळला की नाही, मला सांगता येणार नाही. नुसतं विचारलं, "कुठं?" तिनं जागा दाखवली. मग पुष्कळ वेळ बोलत राहिली.

तुम्हा सगळ्यांची ऋणी,
आणि आता आईचं ऐकणारी,
तुझी ताई,
क्षमा