तिरडीवरचं हसू

३ फेब्रुवारी

आज तिकडे तूत्तुकुडीच्या मिठागरात ह्यांचा मरणाचा शॉट! सकाळपासून कशातच लक्ष नाही. सांबारात मीठ घातलं की नाही, तेही आठवेना.

फोनवर ह्यांना बजावलं – तिरडीवरून उठलात की कॅमेऱ्यासमोर हसायचं. खळखळून! दृष्ट काढायचा भोपळा फोडल्याशिवाय तिथून हलायचं नाही. सिनेमात मेलेल्या नटाने आपण जिवंत आहोत हे कॅमेऱ्याला दाखवावंच लागतं, आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. तर मला चिडवत म्हणतात कसे, "इन्स्पेक्टरबाई, मेल्यावरसुद्धा ड्यूटी?" जिभेला काही हाड! मेकअपच्या पावाडै अण्णांनाही सांगून ठेवलं.

४ फेब्रुवारी

पावाडै अण्णांचा फोन. "पापणीसुद्धा हलली नाही, अम्मा! डायरेक्टर रडले." ते राहू दे – हसले का? "हसले, हसले. भोपळाही फोडला."

हुश्श! वडपळनीच्या मुरुगनला नारळ वाढवला.

९ फेब्रुवारी

हे आले. खिशात किल्ली असून बेल वाजवली. चपला भिंतीशी नीट लावून ठेवल्या – लग्न झाल्यापासून पहिल्यांदा! दारात उभं राहून विचारलं, "आत येऊ का, अम्मा?" मी हसून हसून बेजार.

हे हसले नाहीत.

१२ फेब्रुवारी

नाटक पुरे झालं आता! दुधाच्या कॉफीला हात लावत नाहीत. सुंठ आणि ताडगूळ घालून काळी कॉफी हवी – सिनेमातला मासाणम पितो तशी. मासाणम म्हणजे ह्यांचं पात्र. मिठागराचा राखणदार. मुलीच्या खुन्यांना एकेक करून संपवतो आणि शेवटी स्वतः मरतो. बोलतो मोजकंच. हेही तसेच. खुर्ची सोडून दाराशी जमिनीवर बसतात, बाहेर बघत.

आणि मला अहो-जाहो! "तुम्ही जेवलात का?" माझ्या ताटातला वडा पळवल्याशिवाय ज्या माणसाचं जेवण झालं नाही, तो हे विचारतो. भांडले, ओरडले. खाली मान घालून सगळं ऐकून घेतलं. अहो, निदान भांडा तरी!

२० फेब्रुवारी

डायरेक्टर संबंधम आला होता. मी रडत रडत सांगितलं. तो ह्यांच्याकडे बघतच राहिला, डोळे लकाकले. "वहिनी, डबिंग होईपर्यंत असंच राहू दे. मोडू नका."

मोडू नका! माझा नवरा म्हणजे काय ह्याचा सेट आहे? कॉफी न विचारता वाटेला लावला.

२१ फेब्रुवारी

नवऱ्याला नावाने हाक मारायची आमच्यात रीत नाही. आज मारली. "परिती!" वळूनसुद्धा पाहिलं नाही.

मग हळूच म्हटलं, "मासाणम."

उठून आले.

११ मार्च

डबिंग संपलं. काही फरक नाही. डॉक्टर म्हणतात, थकवा. टाचा मिठाने फुटून आल्या होत्या, रोज तेल लावते. भरत नाहीत. उलट नव्या भेगा पडताहेत – इथे, फरशीवर राहून! मला भीती वाटते.

१४ एप्रिल

आमचं तमिळ नवं वर्ष, आणि सिनेमा लागला. थिएटरबाहेर ह्यांच्या उंच कटआउटला दुधाची आंघोळ, ढोल, फटाके. इतके सिनेमे आपटले, आणि हा चालला! शेजारच्या खुर्चीतली बाई मैत्रिणीला सांगत होती, "गोष्टीत दम नाही गं. हा एकटा ओढून नेतो. अभिनय करतोय असं वाटतच नाही!"

पडद्यावर सगळा वेळ तोच होता – माझ्या दाराशी बसतो तो. तिरडी आली तेव्हा मी डोळे मिटले.

घरी येऊन कडुनिंबाच्या फुलांची पचडी वाढली. "तुमचे उपकार आहेत, अम्मा." सणासुदीला माझ्याच घरात मला हे ऐकावं लागलं.

१६ एप्रिल

पावाडै खोटं बोलला असणार! तडक जाऊन गाठला. "मुरुगनशपथ हसले, अम्मा. चला, दाखवतो." एडिटिंगच्या खोलीत नेलं आणि तो तुकडा लावायला सांगितला.

तिरडीवर हे. गार पडलेले. मग "कट!" – आणि ताडकन उठले, गळ्यातला हार पावाडैच्या गळ्यात घातला, पोट धरून हसले. कॅमेऱ्यात बघून ओरडले, "इन्स्पेक्टरबाई, ड्यूटी झाली! कॉफी टाका!" हाच आवाज! हेच माझे! मला हुंदका आवरेना.

पावाडै म्हणाला, "बघा, हसले ना?" पण कॅमेरा बंद करायचा राहून गेला होता. सगळे भोपळ्याकडे वळले. तेवढ्यात हे गंमत म्हणून पुन्हा तिरडीवर आडवे झाले. मागे भोपळा फुटल्याचा आवाज. कुणीतरी म्हणालं, "उठा ना सर."

उठला तो हसत नव्हता. अंगावरच्या पाकळ्या वेचून त्याने नीट बाजूला ठेवल्या.

पावाडैने हे कधी पाहिलंच नव्हतं.

१७ एप्रिल

तो तुकडा मागून माझ्या फोनमध्ये घेतला होता. आज कॉफीबरोबर त्याच्यासमोर धरला. हसणं, आरोळी, सगळं. त्याने लक्ष देऊन पाहिलं. मग अदबीने विचारलं, "हे कोण, अम्मा?"

"माझा नवरा."

"चांगले दिसतात," तो म्हणाला. उठला, दाराशी जाऊन बसला. "ते येईपर्यंत दार मी राखतो."