राठ बोटाचं मशीन

सूनबाई अनिता,

माझी बहीण तुळसा निरवांगीला चार दिवस तापानं पडलीया. आशाताईनं बोटाला मशीन लावलं तर ऑक्सिजन शहाऐंशीच. आन तुळसाचा पुतण्या झुंबर मला फोनवर शिकवतुया, "मावशी, खुरपून राठ झालेल्या बोटाला मशीन चुकतं. काढा चालू हाय. कोरोनात दवाखान्यात गेलेलं माणूस माघारी येत न्हाय." त्याच तोंडानं तिला सांगतुया, बँका बुडणार हायत, ठेव मोडून माझ्याकडं दे.

आत्ताच तुझं मशीन मी माझ्या बोटाला लावलं. अठ्ठ्याण्णव आलं. तिच्यापरीस जास्त खुरपलंय मी.

भाजीचा टेम्पो घेऊन तिला बारामतीच्या दवाखान्यात न्यायला चाललीया. माझा फोन घरीच ठेवलाय. झुंबरचा फोन आला तर सासू न्हाणीत हाय म्हण. त्याला कळायच्या आत ती माझ्या टेम्पोत बसलेली पायजे.

सिंधुबाई