फोडलेला पक्षी कोणी खायचा

मी, ल्यूली मॅत्ता, वय एकोणऐंशी, कै. वेइक्को मॅत्ता यांची पत्नी, निवृत्त टपालवाहक, राहणार हौकियार्वी, काइनू प्रांत, फिनलंड, हे मृत्युपत्र माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून माझ्याच अक्षरात लिहून ठेवते. माझे डोके ठिकाणावर आहे. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे आणि दोन्ही गुडघे कामातून गेले आहेत, परंतु मृत्युपत्र करायला कायद्याला गुडघे लागत नाहीत. कोणी मला बळजबरी केलेली नाही, धाक घातलेला नाही किंवा दारू पाजलेली नाही. हे लिहायला लावते आहे ती लाज. तिला कायद्यात दडपण म्हणतात की नाही, ते वकिलांनी ठरवावे.

यापूर्वी केलेले मृत्युपत्र मी रद्द करते. त्यात एक वाक्य होते की माझी रायफल माझी सून पाइवी हिच्या हाती कदापि जाऊ नये. वकिलाने ते गाळा म्हणून सुचवले होते. मी गाळू दिले नाही, उलट त्याखाली रेघ मारून घेतली. ते वाक्य कोणाच्या वाचनात आले असेल तर त्याने ते विसरावे, अशी माझी विनंती आहे.

कलम १. घर, गोठा, तळ्याकाठची वाफेच्या अंघोळीची सौना आणि जंगलाचा तुकडा माझा एकुलता मुलगा यार्मो याला. कायद्याने त्याचा हिस्सा आहेच, उरलेलेही त्यालाच. तो नॉर्वेतल्या खाणीत कामाला असतो आणि महिन्यातून एकदा घरी येऊन झोपतो. त्याने सौनाचे छप्पर बघावे. तळ्यापलीकडचे जुने पाइन विकू नयेत. लाकूडवाले गोड बोलतील, त्यांना कॉफी पाजून वाटेला लावावे.

कलम २. बँकेतल्या शिलकीतून मला वेइक्कोच्या शेजारी पुरावे आणि आलेल्यांना कॉफीबरोबर घरी भाजलेला गोड पाव द्यावा, दुकानातला नको. राहील ते यार्मोचे.

कलम ३. माझे शेजारी ताइस्तो क्युल्लोनेन यांना मी काहीही देत नाही, आणि म्हणूनच ते साक्षीदार म्हणून सही करू शकतात. वेइक्कोचे बर्फाला भोक पाडायचे गिरमिट कित्येक हिवाळे त्यांच्या शेडमध्ये पडून आहे. ते त्यांनी सही करण्याआधी परत करावे. नाहीतर ती देणगी ठरेल आणि सही बाद होईल.

ताइस्तोंशी माझे वैर आहे ते गिरमिटावरून नाही. ते रानकोंबडे छऱ्याच्या बंदुकीने मारतात. त्यांच्याकडे जेवायला गेले की जीभ जपावी लागते, घास घेतला की टक्कन छर्रा लागतो. आमच्या शिकार मंडळाचे दर ऑक्टोबरात जेवण असते. ज्यांच्या जंगलात आम्ही शिकार करतो ते जमीनमालक त्या दिवशी पाहुणे. प्रत्येक घराने आपला पक्षी सोलून मंडळाच्या चिटणीस मार्ता सेप्पानेन यांच्यापुढे ठेवायचा. मार्ता छातीवरून बोट फिरवतात. मांस अखंड असेल तर पक्षी पाहुण्यांच्या पातेल्यात जातो. फुटलेला असेल तर लहान भांड्यात, आणि तो ज्याने मारला त्याने चुलीजवळच्या बाकावर बसून एकट्याने संपवायचा. ज्याने फोडला त्यानेच खावा. फेकायचा मात्र नाही, फेकला तर तो जीव फुकट गेला, असे आमच्याकडे मानतात.

ताइस्तो वर्षानुवर्षे त्या बाकावर बसत आले. मी एकदाही बसले नाही. इतकेच नव्हे, दर वर्षी त्यांच्यासमोरून दोनदा जास्तीच जात असे, मीठ घ्यायच्या निमित्ताने.

कलम ४. माझी बारीक नळीची रायफल, तिची दुर्बीण आणि कडक कवचाच्या गोळ्या. या रायफलीत मऊ टोकाची गोळी कधीही घालू नये. ती पक्ष्याच्या आत जाऊन फुलते आणि हाती उरतात पिसे आणि पाय. कडक गोळी सरळ आरपार जाते. पण नुसती गोळी कडक असून भागत नाही. कुत्रा पाइनखाली भुंकत असतो. वर बसलेला मेत्सो, आमचा मोठा काळा रानकोंबडा, मान वाकवून त्याच्याकडे बघत असतो. तेवढ्या वेळात माणसाने लांबून वळसा घालून, दलदलीतून, काटकी न मोडता, पक्ष्याच्या पाठीमागे यायचे आणि मान जिथे पाठीला मिळते तिथे, पंखांच्या वर, नेम धरायचा. मग छाती शाबूत राहते. समोरून मारला तर गोळी छातीतून शिरते, आतडी फोडते आणि हाडांच्या कपच्या मांसात घुसतात. वरून पिसे झाकून घेतात, म्हणून पक्षी दिसायला छान दिसतो. आतले काय ते सोलल्यावर कळते.

हे सगळे मी जन्मभर जेवणाच्या टेबलावर लोकांना सांगत आले. गेल्या तीन मोसमांत मी एकदाही वळसा घातलेला नाही.

गुडघे दलदलीत उतरायला तयार नसतात. मी कुत्र्याशेजारीच उभी राहून समोरून गोळी घालते आणि घरी येऊन सांगते, पाठीवरून घेतला. पक्षी सोलायला पाइवीकडे देते आणि पाय शेकत बसते. तरी मार्तांच्या बोटाखाली माझा पक्षी दर वर्षी अखंड निघाला. मला प्रश्न पडायला हवा होता. पडलाच नाही असे लिहिले तर तेही खोटे होईल. पडला होता. मी तो दाबला आणि मनात म्हटले, ल्यूली, तुझा हातच असा आहे की समोरून मारलेला पक्षीसुद्धा फुटत नाही.

कलम ५. माझी सून पाइवी हिच्याबद्दल. ती ताम्पेरे शहरातली. घरोघरी जाऊन म्हाताऱ्यांची औषधे आणि जखमा बघणे हे तिचे काम. लग्नाच्या वर्षी तिने पहिला मेत्सो कोंबडीसारखा उकळत्या पाण्यात बुडवला आणि कातडे पिसांसकट हातात आले. त्या दिवसापासून मी तिला चारचौघांत ‘उकळीबाई’ म्हणत आले आहे.

यंदाच्या जेवणात मार्तांनी माझ्या पक्ष्यावरून बोट फिरवले आणि मोठ्याने म्हणाल्या, “बघा रे पोरांनो, याला म्हणतात नेम! मानेपाशी एवढंसं भोक, बाकी ओरखडा नाही.” टाळ्या पडल्या. तेवढ्यात एका पाहुण्याने पाइवीला विचारले, “तुमच्या पुढच्या दाताला काय झालं हो?” तिचा दात अर्धा तुटला आहे. ती काही बोलायच्या आत मीच म्हणाले, “अहो, शहरातली माणसं! आपण रानकोंबडा चावतो, आमच्या उकळीबाईला रानकोंबडाच चावतो.” सगळी खोली हसली. पाइवीही तोंडावर हात ठेवून हसली.

कॉफी झाल्यावर मी कुत्र्याला हाडे द्यायला मागच्या लाकडाच्या शेडमध्ये गेले. पाइवी ओंडक्यावर बसली होती, मांडीवर लहान भांडे घेऊन.

“काय गं, इथे चोरून काय खातेस? आत कमी पडलं का?”

ती दचकली आणि भांडे झाकू लागली. मी झाकण काढून घेतले. आत छातीचे मांस होते, काळेनिळे पडलेले. कपच्या तिने ओंडक्यावर वेचून ठेवल्या होत्या.

“कोणाचा हा?”

“ताइस्तोकाकांचा.”

“ताइस्तोचा असता तर छर्रे निघाले असते. मला शिकवतेस? कोणाचा, सांग.”

“तुमचा, सासूबाई.”

“आणि आतल्या पातेल्यात आहे तो?”

“तो माझा. यार्मोच्या रायफलीचा परवाना मी पण काढलाय. माझ्या वाट्याचा पक्षी मी मारते, आणि तुमच्या जागी ठेवते.”

मी लाकडांच्या ढिगाला टेकले आणि विचारले, कधीपासून? ती म्हणाली, “मामंजी गेले त्या वर्षी. तुम्ही महिनाभर घराबाहेर पडला नव्हतात. मग एक दिवस पक्षी घेऊन आलात आणि हसत होतात. मी सोलला तर आत नुसता चिखल. म्हटलं, आत्ता नको, या एका वर्षापुरतं झाकू. पण टाळ्या ऐकून तुम्ही इतक्या खूश झालात, मग थांबवायचं कसं?”

“फेकून द्यायचास की.”

“फेकायचा? आणि तुम्हाला कळलं असतं तर घरात ठेवलं असतंत मला?”

“दात?”

“गेल्या वर्षीच्या पक्ष्यात कपची होती. माझंच लक्ष नव्हतं.”

“नेम कोणी शिकवला तुला?”

“तुम्हीच. दर वर्षी मला टोचून बोलताना सगळं सांगताच की तुम्ही. वळसा कुठून घ्यायचा, चाप कधी ओढायचा. मी भांडी घासताना ऐकायचे.”

यावर माणसाने काय करावे? मी भांड्यावर झाकण ठेवले, आत गेले आणि माझ्या पुढ्यात आलेला केक खाल्ला. माफी मागितली नाही. जाता जाता बाकावरच्या ताइस्तोंना “काय, दात शाबूत आहेत ना?” असेही विचारले. सवयीने तोंडातून गेले. ‘दात’ हा शब्द माझ्या कानांवर पडला तेव्हा पाइवी दारातून आत येत होती.

त्याला तीन आठवडे झाले. या घरात आम्ही दोघीच असतो. ती रोज सकाळी माझ्या डोळ्यात औषध घालते आणि मी छताकडे बघते. जीभ अशी जड झाली आहे की उचलत नाही. जिने आयुष्यभर दुसऱ्यांची लाज काढली, तिला स्वतःची लाज कशी धरायची ते येत नाही.

कलम ६. सबब, कलम ४ मधली रायफल, दुर्बीण आणि गोळ्या माझ्या मृत्यूनंतर माझी सून पाइवी मॅत्ता हिला मिळाव्यात. यार्मोने मध्ये तोंड घालू नये. तसेच माझ्या मृत्यूनंतर येणाऱ्या पहिल्या जेवणात मार्ता सेप्पानेन यांनी कलम ४ व ५ सर्वांसमोर मोठ्याने वाचावे, म्हणजे तीन वर्षे टाळ्या कोणाच्या आणि खाल्ल्या कोणी, ते लोकांना कळेल.

कलम ७. हे कलम आयत्या वेळी घालावे लागले. साक्षीदार आले आहेत. साक्षीदारांना मजकूर दाखवलाच पाहिजे असे नाही, पण मी वरचे सगळे त्यांना वाचून दाखवले, कारण कोणाला तरी सांगून बघायचे होते. मार्ता रडल्या. ताइस्तो गिरमिट दारात टेकवून, टोपी न काढता ऐकत होते. मला वाटले, आता इतक्या वर्षांचे सगळे वसूल करतील.

ते म्हणाले, “मेल्यावर वाचणार? वा गं ल्यूली! म्हणजे तू खाली आरामात, आणि तोंड लपवायचं आम्ही? त्या बाकावर कोण बसणार, तुझं भूत?”

मी म्हटले, “मला तोंडाने नाही जमत, ताइस्तो.”

“पक्ष्याला पाठीमागून गाठावं. माणसाला समोरून. पोरगी पलीकडच्या खोलीत तुझे कपडे वाळत घालतेय. हाक मार.”

त्यांचे म्हणणे मला लागले आणि पटले. म्हणून कलम ६ मधले ‘माझ्या मृत्यूनंतर’ हे शब्द दोन्ही ठिकाणी खोडले आहेत, खाडाखोडीवर माझी सही आहे. रायफल आजच द्यायची, परवान्याचे कागद पोलिसांकडे उद्या जातील. कलम ४ व ५ पुढच्या जेवणात मीच वाचेन आणि मग बाकावर बसेन. तोवर जगले नाही तर मार्ता आहेत. शीतकपाटात या मोसमातला माझा दुसरा मेत्सो आहे, पाइवीने मटारांच्या पिशव्यांखाली लपवलेला. तो मार्ता आता चुलीवर चढवत आहेत. मी पाइवीला हाक मारते. यापुढचे साक्षीदारांनी लिहावे, माझ्याच्याने लिहवणार नाही.

साक्षीदारांचे निवेदन:

आम्ही खाली सही करणारे असे नमूद करतो की ल्यूली मॅत्ता या पूर्ण शुद्धीवर असून हे मृत्युपत्र त्यांनी राजीखुशीने केले आहे. आम्ही दोघे एकाच वेळी हजर होतो. आमच्यासमक्ष त्या सूनबाईंना म्हणाल्या, “पाइवी, तुझा दात माझ्यामुळे गेला आणि मी त्यावर लोकांना हसवलं. चुकलं माझं. मला लाज वाटते.” हे त्या उभ्या राहून म्हणाल्या. त्यानंतर बटाट्याबरोबर तो पक्षी त्यांनी स्वतः खाल्ला. त्याला बराच वेळ लागला. पाइवी यांनी खुर्ची शेजारी ओढून ताट पुढे केले आणि अर्धा वाटा मागितला, दोनदा मागितला. ल्यूली यांनी दिला नाही. कपच्या त्यांनी एकेक काढून ताटाच्या कडेला ठेवल्या. सही करताना कागद पाइवी यांनी धरला होता. अक्षर ल्यूली यांचेच आहे.

ल्यूली मॅत्ता (सही)

साक्षीदार:
१. मार्ता सेप्पानेन, चिटणीस, शिकार मंडळ (सही)
२. ताइस्तो क्युल्लोनेन, शेजारी (सही)

स्थळ: हौकियार्वी
दिनांक: १७ नोव्हेंबर २०२४