पाच नंबरची पेटी

१२ जानेवारी
थोरल्या वहिनी, उषाबाई, मंठ्याजवळच्या आमच्या शेतात कांद्याच्या बियाण्याचा प्लॉट करतात. फुलांवर माश्या फिरल्या नाहीत तर बी धरत नाही, म्हणून पाच मधपेट्या. आतला पिलावा, म्हणजे अंडी-अळ्या, बरा आहे का हे बाई पेटीला कान लावून ठरवतात. कान लावून! मी तीस वर्षं कॉलेजात फिजिक्स शिकवलं. ध्वनी हा माझा खास धडा. सगळ्यात जोमदार, पाच नंबरची पेटी मागून घेतली. आत माइक, मोबाइलवर आवाजाचा ग्राफ काढणारं ॲप.
बसवताना एक लांबट, सुस्त माशी चेंगरली. असल्या बिनकामाच्या कमी झालेल्याच बऱ्या.

२० जानेवारी
माइक सरळ करायला पेटी उघडली. मधमाश्यांच्या इंजिनिअरिंगचं लोक काय कौतुक करतात! पोळ्याच्या कडेला शेंगदाण्याच्या शेंगांसारख्या चार ओबडधोबड गाठी लोंबत होत्या. खरडून टाकल्या. माश्या पाच जागी चावल्या. अडाणी.

२९ जानेवारी
शोध! अळ्यांना भरवणाऱ्या नर्स माश्या बरोबर साडेआठला ड्यूटीवर येतात, साडेचारला सुटतात. मधल्या वेळात ग्राफ एकाच उंचीवर, खणखणीत. एवढी शिस्त आमच्या स्टाफरूमला कधी जमली नाही.

१ फेब्रुवारी
शोध वाढला. या आठवड्यात नाइट शिफ्ट लागली. हिला, म्हणजे ताराला, सांगितलं. ती भाजी निवडत म्हणाली, शेतातल्या लाइटचं टाइमटेबल पण असंच असतं ना? बायकांना कशाचं काय सुचेल!

५ फेब्रुवारी
वहिनींनी मी नसताना पेटीला कान लावला. मला म्हणाल्या, भाऊजी, पेटी रडून राह्यली. राणी न्हाई आत. उघडून बघू, मंग दुसऱ्या पेटीतली अंड्यांची फ्रेम देता येईल. जल्दी करावं लागंल.
मी शांतपणे ग्राफ दाखवला. उघडलं तर डेटा बिघडतो, असं समजावलं. त्या पेटीवरचा हात काढून कांद्याकडे गेल्या. पटलं असावं.

९ फेब्रुवारी
वहिनींनी पुन्हा विचारलं. मी पुन्हा नाही म्हणालो. पेटीच्या दाराशी माश्या कमी दिसतात. आत पिलाव्याच्या सेवेत गुंतल्या असणार. कार्यक्षमता.

१४ फेब्रुवारी
प्लॉट बघायला बियाणं कंपनीचे संपत साहेब आले. सोबत आठ-दहा शेतकरी. फुलं ऐन भरात. मी मोबाइल उंच धरून शिफ्ट समजावत होतो, तेवढ्यात लाइट गेली. पलीकडच्या बोअरची मोटर बंद पडली. त्याच क्षणी माझा ग्राफ शून्यावर आडवा झाला.
साहेबांनी मोटरकडे पाहिलं, मग मोबाइलकडे. कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.
वहिनींनी पेटी उघडली. एक अंडं नाही, एक अळी नाही. पोळ्यात किडे, मूठभर माश्या. राणी मेली तरी माश्या नवी घडवितात, शेंगेसारखं घर बांधितात, त्याचा मागमूस कसा न्हाई, असं त्या स्वतःशीच म्हणाल्या.
मी सांगितलं नाही. मग सांगितलं: ती लांबट माशी, त्या चार गाठी.
त्यांनी झाकण लावलं.

१५ फेब्रुवारी
दोष माइकचा. स्वस्तातला होता.

१६ फेब्रुवारी
माइक चांगला होता.

२३ फेब्रुवारी
वहिनींचा फोन. मूठभर माश्या चार नंबरच्या पेटीत मिळवल्या. पाच नंबर रिकामी. त्या कोपऱ्यातली फुलं तशीच सुकली. आवाज रागाचा नव्हता, तेच जड गेलं. शेतावर येऊ का, विचारलं.
त्या म्हणाल्या, या ना भाऊजी. घर तुमचंच हाये. पण बाजेवर बसायचं, पेट्यांकडं न्हाई जायचं.

२ मार्च
बाजेवर बसलो. चहा झाला. चार वाजता घरी परत आलो.