तांबं तापत नाही

२ फेब्रुवारी
नवी नोकरी, नवं घर, आणि आज प्रयोगशाळेची किल्लीसुद्धा हातात! खोली तळघरात आहे. नळ गळका, पंखा कुरकुरा, पण यंत्र मात्र देखणं. माणसाएवढा उंच थर्मासच म्हणा ना. आत द्रवरूप हीलियम, त्याच्या पोटात हवा काढून टाकलेली डबी, आणि डबीत दोऱ्यांवर टांगलेला करंगळीएवढा तांब्याचा तुकडा. त्यात मँगनीज अगदी नावाला. त्याला जगातल्या सगळ्यात खालच्या तापमानाजवळ न्यायचं, मोजून इवलीशी उष्णता द्यायची आणि तो किती तापतो ते बघायचं. शुद्ध तांबं चटकन तापतं, भेसळीचं जरा जास्त उष्णता मागतं. किती जास्त, हे शोधणं माझं काम.

यंत्र सांभाळणाऱ्या तंत्रज्ञांना सगळे मामा म्हणतात. यंत्राला पाठ टेकून गप्पा हाणतात. म्हणाले, आता तुम्ही आलात, म्हणजे आपल्या विभागप्रमुख सरांची बोलणी वाटून खाऊ.

घरी चिऊनं विचारलं, आई थंडी मोजायला जाते का? तिचे बाबा म्हणाले, हो, आणि मोजून झाली की घरी घेऊन येते.

९ फेब्रुवारी
वैताग नुसता. उष्णता देते, तापमापी ढिम्म. दुप्पट दिली, तरी ढिम्म. तारा बदलल्या, डाख नव्यानं दिले, पंप उघडून पुन्हा बसवला. शुद्ध तांबं टांगलं तर शहाण्यासारखं तापतं. हाच मेला सगळं गिळून गप्प बसतो. गिळलेलं जातं कुठे? सर म्हणाले, तांबं चुकत नाही, माणूस चुकतो. वर जिना चढून गेले, पुन्हा खाली येऊन तेच वाक्य ऐकवलं.

१५ फेब्रुवारी
पुन्हा सगळं सोडून जोडलं. तापमानाच्या आलेखाची रेघ आडवीच. घरी आल्यावर दूध सांडलं म्हणून चिऊवर इतकी ओरडले की तिच्या बाबांनी मलाच खोलीत जाऊन पडायला सांगितलं.

१७ फेब्रुवारी
तुकडा तापला! आणि गंमत म्हणजे मी उष्णता दिलेलीच नव्हती. दुपारी आलेखाची रेघ आपली आपण एक पायरी चढली. मामा तेव्हा यंत्राला टेकून त्यांच्या व्याह्यांची नक्कल करत होते. मध्येच थांबले. अंगात हीव भरलंय म्हणाले आणि घरी गेले. सरांनी रेघ पाहून मला स्वतःहून चहा दिला.

१८ फेब्रुवारी
मामा दवाखान्यात. ताप नाही, उलट अंग गार. मामी फोनवर रडत होत्या. गरम पाण्याच्या पिशव्या ठेवल्या की पिशव्याच गार पडतात, म्हणाल्या.

२० फेब्रुवारी
सकाळी रेघ आणखी एक पायरी वर. मी टाळीच वाजवली. मग फोन आला. मामा गेले.

सरांना म्हटलं, तुकडा बाहेर काढू या. ते म्हणाले, दुःख समजतो, पण वर्षभरात पहिल्यांदा काही हाती लागतंय. मी सांगितलं, रेघ चढल्याच्या वेळा मामांच्या दुखण्याच्या आणि जाण्याच्या वेळांशी जुळतात. भुतं घरी ठेवून या, म्हणाले.

२३ फेब्रुवारी
वर सरांशी पुन्हा भांडत होते. तेच वाक्य, तोच चहा. चिऊची शाळा लवकर सुटली म्हणून तिचे बाबा तिला घेऊन मला न्यायला आले. मी खाली पोचले तर चिऊ यंत्राला गाल लावून उभी. आत कुणीतरी घोट घेतंय, म्हणाली. मी तिला ओढलं. रेघ—

रेघ एक पायरी चढली होती.

२४ फेब्रुवारी
चिऊचे पाय गार. हात गार. डॉक्टर म्हणतात, काही दिसत नाही. पिशव्या ठेवल्या. पिशव्याच—

चिऊ तिच्या बाबांजवळ. मी तळघरात. तिला बाहेरून ऊब देऊन उपयोग नाही. ऊब जिथे जातेय, तिथेच घालायला हवी.

तुकड्याला उष्णता देणारा हीटर पूर्ण सोडला. फोनवर तिच्या बाबांना म्हटलं, तिची बोटं बघा. म्हणाले, कोमट होतायत. बंद केला. पुन्हा गार. चालू— कोमट. मग हीटरची तार जळाली.

दुपार
दाराला आतून कडी. यंत्र उघडलं. हीलियम उडून गेलं, खोलीभर पांढरं धुकं. तुकडा उघडा पडलाय. बर्नर लावते, विझतो. पुन्हा लावते— विझतो.

तुकडा डाव्या मुठीत धरलाय. सुटत नाही. मी सोडवणारही नाही.

फोन टेबलावर, आवाज मोठा. तिचे बाबा म्हणतात, चिऊचा गाल कोमट झालाय. डोळे उघडले.

सर दार बडवतायत. नमुना खराब होईल म्हणे.

कोपरापर्यंत माझा हात कळत नाही. खांदा— म्हणतात, उठून बसली. भूक लागली म्हणते.

तिचे पाय अजून गार आहेत. फक्त पाय राहिलेत. हा लिहिता हातपण लावते, म्हणजे लवकर—