आत्याची कवळी

४ मार्च

ती. आत्यास,
सप्रेम सलाम वि. वि.

पुरती अडकलेय गं मी. रविवारी उपासना संपता संपता पाळकांनी मला न विचारताच जाहीर करून टाकलं, की डोंगरापलीकडच्या वस्त्यांवर मिशनची तुकडी जातेय, तिच्याबरोबर यंदा कवळ्या बनवायला मी जाणार. सहा आठवडे! टाळ्या वाजल्या, मी हसले, आणि तेच नडलं. आता रजा मंजूर झालीय, भगिनी मंडळानं नवी बॅग आणून दिलीय. जो भेटेल तो माझ्या श्रद्धेचं कौतुक करतो.

कसली श्रद्धा? यांच्या आजारपणात अख्खी मंडळी चाळीस दिवस प्रार्थना करत होती. तरी हे गेले. तेव्हापासून दोन वर्षं मी गाण्याच्या वेळी नुसते ओठ हलवते. दवाखान्याच्या तळघरातल्या माझ्या खोलीत दिवसभर प्लास्टरचे जबडे आ वासून बसलेले असतात, त्यांच्यात आणि माझ्यात फरक नाही. तू अकरा वर्षं अशाच वस्त्यांवर नर्स होतीस. सांग, यातून सुटू कशी?

माया आहेच, तिला खंड पडू देऊ नकोस.
तुझी ठकू

११ मार्च

चि. ठकूस,
अ. उ. आ.

पाळकांना जाऊन खरं सांग. खाणार नाहीत ते तुला.

श्रद्धेबद्दल मी काय शिकवू? मीच तीन आठवडे वृद्धाश्रमातल्या खोलीत कोंडून घेतलंय. रागावू नकोस, वरची कवळी बेसिनमध्ये पडून दोन तुकडे झाले. सर्दी झालीय असं सांगून जेवण खोलीत मागवते. मिशनात जन्म घालवलेली बाई चक्क खोटं बोलते! रविवारचं शास्त्रवाचन माझ्याकडे असायचं, तेही सोडलं. आता शेजारच्या बाई वाचतात, आगगाडी सुटल्यासारख्या. इथला दंतवैद्य दीड महिन्यानं येणार. भाची कवळ्या बनवते आणि तिलाच कशाला त्रास द्यायचा, म्हणून गप्प होते. तुकडे सोबत पाठवतेय.

पोटभर जेवत जा.
तुझी आत्या

१९ मार्च

ती. आत्यास,
सप्रेम सलाम वि. वि.

पाळकांना सांगितलं. ते म्हणाले, न विचारता जाहीर केलं ही चूक माझीच, लोकांना काय सांगायचं ते मी बघतो, शुक्रवारपर्यंत कळवा. म्हणजे सुटले. तरी जिवाला चैन पडेना.

गुरुवारी तुझी कवळी हातात घेतली. मधली एक कपची गायब, त्यामुळे अंदाजानंच जुळवायची. केसभर चुकलं तर तुझी हिरडी सोलून निघणार, आणि तू हूं की चूं करणार नाहीस. तीनदा मेणानं जोडली, तीनदा सोडवली. चौथ्यांदा तोंडातून मोठ्यानं निघून गेलं, की देवा, आता तू धर.

हात तिथेच थांबला. कोणीतरी ऐकतंय हे गृहीत धरूनच मी बोलले होते! मग काय, यांच्या आजारपणापासूनचं सगळं बाहेर पडलं. कडाकडा भांडले त्याच्याशी. रडले, तोंड धुतलं आणि कवळी जोडली, ती सोबत पाठवतेय. उत्तर काही मिळालं नाही गं. पण इतके दिवस भिंतीशी अबोला धरल्यासारखं वाटायचं, तसं आता वाटत नाही.

शुक्रवारी पाळकांना कळवलं, नाव राहू द्या. पुढच्या बुधवारी निघतोय. भीती वाटतेच आहे.

आठवण ठेव, प्रार्थनेतसुद्धा.
तुझी ठकू

२३ मार्च

चि. ठकूस,
अ. उ. आ.

कवळी डावीकडे जरा टोचते. बाकी झकास. आज वाचायला उभी राहिले. 'स' म्हणताना शिट्टी वाजली, पुढच्या रांगेतले आजोबा फिसकन हसले, मीही हसले आणि पुन्हा पहिल्यापासून वाचलं. सर्दीचं खोटंही कबूल करून टाकलं.

भीतीचं म्हणशील, तर आजवर कोणाला न सांगितलेलं सांगते. मी वस्तीवर पोचले त्याच दिवशी परतीची बस शोधत फिरत होते. मला देवानं हाक दिली वगैरे लोक म्हणतात, पण बस आठवड्यातून एकदाच होती म्हणून राहिले. आठवड्यानं ती आली, तेव्हा मी एका बाळंतिणीला धरून बसले होते. ड्रायव्हरनं दोनदा भोंगा वाजवला. मला स्वच्छ ऐकू आला. मी उठले नाही.

सुखरूप पोच.
तुझी आत्या