राणीचे डोहाळे

डँडेनॉन्ग, मेलबर्न
रविवार, २३ ऑगस्ट २०२०

प्रिय मेधाताई,

नमस्कार. तू, भावोजी आणि काकू सगळे बरे असाल. आम्ही दोघं ठीक. इथे पुन्हा कडक लॉकडाऊन लागलाय: घरापासून पाच किलोमीटर, तेही रोज एकच तास. शैलेंद्रची फॅक्टरी चालू आहे, मी स्वयंपाकघराच्या टेबलावरून ऑफिस करते.

पत्र बघून दचकू नकोस. दोन वर्षं फोनवर आपण हवापाण्यापलीकडे गेलो नाही, आणि मला जे सांगायचंय ते हवापाण्यात बसत नाही. पण आधी शेजारच्या गुणदास अंकलची गंमत सांगते, कारण सगळं तिथून सुरू झालं.

अंकल सिंहली. गॅरेजमध्ये लाकडी मुखवटे कोरतात, आणि तेही तोंडाला मास्क लावून! त्यांच्या गावाकडे कोलम नावाचं लोकनाट्य असतं, साधारण आपल्या दशावताराच्या जातीचं. दवंडीवाला, धोबी, त्याची नखरेल बायको, लढाईत नाक फुटलेला शिपाई, सगळे मुखवटे घालून नाचतात. लाकूड लागतं कदुरूचं, पाणथळ जागेतलं, हलकं. ते धुरावर वाळवायचं. इथे चूल कुठली? अंकल बार्बेक्यूवर वाळवतात. परवा समोरची बाई सॉसेज मागायला आली होती.

तू मला लहानपणी ‘चौकशी खिडकी’ म्हणायचीस. ती खिडकी आता रोज कुंपणापाशी उघडते. डोळ्यांना भोकं कुठे? नाचणाऱ्याला दिसतं कसं? राणीचा मुकुट एवढा उंच का? अंकल म्हणाले, “सो मेनी क्वेश्चन्स, यामिनी! राणी नाचत नाही. मुखवटा इतका जड, की दोघं धरून तिला आणून बसवतात. ती फक्त बघते. सगळा खेळ तिच्यासाठीच तर असतो.”

का, तर एका राणीला दिवस गेले आणि डोहाळे लागले मुखवट्यांचा नाच बघायचे. असला नाच तेव्हा कोणी पाहिलेलाही नव्हता. राजा हवालदिल झाला. शेवटी देवांनी मुखवटे घडवून घेतले, खेळ झाला आणि राणी तृप्त झाली.

मी विचारलं, “पण डोहाळे राणीचेच होते कशावरून? नाच दुसऱ्याच कोणाला बघायचा असेल, आणि डोहाळ्यांना कोणी नाही म्हणत नाही म्हणून तिचं नाव पुढे केलं असेल तर?”

अंकलनी पटाशी खाली ठेवली. म्हणाले, “चाळीस वर्षांत हे मला कोणी विचारलं नाही. व्हाय डू यू आस्क?”

मी “नो वरीज” म्हणून घरात पळाले. ताई, का विचारलं ते तुला कळलं असेल.

दोन वर्षांपूर्वी तुला सहावा महिना चालू होता. मी पुण्याला आले होते आणि कुडाळचा दशावतार बघायचा मला ध्यास लागला होता. तुझ्या सासरचं कोणी सोडेना, तेव्हा तुझ्या सासूबाईंना, काकूंना, मीच म्हणाले, “ताईला डोहाळे लागलेत हो दशावताराचे.” तू माझ्याकडे बघितलंस आणि हसून मान डोलावलीस. आपण घाटातून गेलो. परतल्यावर पाचव्या दिवशी बाळ गेलं.

डॉक्टर म्हणाले, प्रवासाचा संबंध नाही. पण काकू म्हणाल्या, “कसले हे डोहाळे! एवढं मन आवरता आलं नाही?” मी दारातच उभी होते. तू एक शब्द बोलली नाहीस. मीही नाही. मी बॅग भरली आणि विमानात बसले. मला स्वतःची लाज वाटते ताई, रोज वाटते.

व्हिडिओ कॉलवर मी कॅमेरा गळ्याच्या वर ठेवते, हे तुझ्या लक्षात आलं का? मला सातवा लागलाय. आईलासुद्धा सांगितलेलं नाही. तुला कोणत्या तोंडाने सांगायचं, तेच कळत नव्हतं. शैलेंद्र रोज विचारतो, “अगं, काही खावंसं वाटतंय का? फॉस्टर स्ट्रीटवरच्या इंडियन दुकानातून आणतो.” मला काही मागवत नाही. मागितलं की तू आठवतेस.

काल सकाळी मी काकूंना फोन केला. तुला न विचारता केला, त्याचाही राग आला तर येऊ दे. सांगितलं, “ते डोहाळे ताईचे नव्हते. मी खोटं बोलले होते.” त्या म्हणाल्या, “मेधाने आम्हाला हे कधी सांगितलं नाही गं.” आणि रडायला लागल्या.

हे पत्र पोचेपर्यंत त्या तुझ्याशी बोललेल्या असतील किंवा नसतील. माफी मागतेय, पण ती लगेच द्यावीस असं नाही. माझ्याशी बोलू नकोस हवं तर. फक्त मला पाठीशी घालायला आता गप्प राहू नकोस.

तुझ्या नावामागे लपलेली तुझी धाकटी,
यामिनी